स्वल्पविरामाबद्दल तक्रार

माझी तक्रार एका स्वल्पविरामाबद्दल आहे. तलाठी, ग्रामसेवक, फौजदार, राज्यसेवा अशा परीक्षांसाठी आपल्या नगर जिल्ह्यातली मुलं इंग्रजी शब्दसंग्रहाची जी पुस्तकं वापरतात, त्यांत एकाच अर्थाचे म्हणून पाच-सहा इंग्रजी शब्द एका ओळीत छापलेले असतात. मधे स्वल्पविराम, शेवटी एक मराठी अर्थ. 'थिन, स्लिम, लीन, स्किनी, बोनी : बारीक.' खालची ओळ, 'फेमस, रिनाउंड, एमिनंट, नोटोरियस : प्रसिद्ध.' त्याखाली, 'क्लेव्हर, इंटेलिजंट, शार्प, कनिंग : हुशार.' पानंच्या पानं अशी. कुठला शब्द कौतुकाचा, कुठला टोमण्याचा, कुठला माणसाला लावायचा आणि कुठला मटणाला, याबद्दल एक अक्षर नाही. वापराचं वाक्य तर नाहीच.

त्या स्वल्पविरामाचा मुलं एकच अर्थ घेतात: यातला कुठलाही उचला, चालेल. आणि ते चालत नाही. स्लिम म्हटलेल्या माणसाला बरं वाटतं, स्किनी म्हटलेला दुखावतो. नोटोरियस म्हणजे कुख्यात. कनिंग म्हणजे कावेबाज. मी शाळेत होतो तेव्हा एका मुलाने निरोपसमारंभाच्या भाषणात मुख्याध्यापकांना भर सभेत नोटोरियस म्हटलं. त्याने ते पूर्ण आदराने म्हटलं होतं, आणि पाठांतरात त्याची काहीही चूक नव्हती.

मी नगरला माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. आता संध्याकाळी एका अभ्यासिकेत जातो, मुलं शंका घेऊन येतात. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. मुलं मात्र पूर्वीसारखीच पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा इकडून येतात. कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा दोन वेळा पुरवतात, अभ्यासिकेची फी भरतात आणि त्यातून जे उरेल त्यात पुस्तकं घेतात. एका मुलाने घेतलेलं पुस्तक चौघं वापरतात. म्हणून त्या पुस्तकात जे छापलंय ते बरोबर असावं, एवढीच माझी मागणी आहे. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला शब्दाचा रंग घरातून, मित्रांकडून, सिनेमा-मालिकांतून कळतो. त्याच्या पुस्तकात चूक असली तरी त्याचा कान त्याला अडवतो. पाथर्डीच्या मुलाला अडवायला त्या पुस्तकाशिवाय दुसरं कोणी नाही. चुकीच्या यादीचा दंड नेमका ज्याला परवडत नाही तोच भरतो.

एक प्रसंग सांगतो. मुलाखतीचा सराव चालला होता. एक मुलगी होती, पाथर्डी तालुक्यातली. आई-वडील दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि गाळप हंगाम संपला की परत येतात. वडिलांविषयी दोन वाक्यं इंग्रजीत सांग, असं मी म्हणालो. ती ताठ बसून म्हणाली, "माय फादर इज अ मायझर." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. मग मराठीत सांग म्हटलं, तेव्हा उलगडा झाला. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून वडिलांनी दर हंगामात थोडे पैसे बाजूला ठेवले, स्वतःला धड चप्पल घेतली नाही, आणि त्यातून तिचं कॉलेज केलं. तिला म्हणायचं होतं, माझे वडील फार काटकसरी आहेत.

मी तिची वही मागितली. वहीत ओळ होती: 'थ्रिफ्टी, फ्रूगल, इकॉनॉमिकल, मायझर, स्टिंजी : काटकसरी.' पुस्तक काढायला लावलं. पुस्तकात तीच ओळ, त्याच क्रमाने. म्हणजे मुलीने नीट उतरवून घेतलं होतं, नीट पाठ केलं होतं, आणि योग्य वेळी तिला ते आठवलंही होतं. विद्यार्थ्याने जे जे करायला हवं ते सगळं तिने केलं. आणि मुलाखतीला बसलेल्या अधिकाऱ्याच्या कानावर गेलं असतं ते एवढंच की माझा बाप चिक्कू आहे. त्या ओळीतला फ्रूगल शब्द तिने घेतला असता तर तिच्या वडिलांचं सगळं आयुष्य त्या एका शब्दात आलं असतं. शिवाय मायझर हे नाम, बाकीची विशेषणं. व्याकरणाची जातही एक नाही, तरी सगळे एका ओळीत बसवलेले. तिने मला विचारलं, "सर, मग पुस्तकात असं का दिलंय?" याचं उत्तर ज्यांनी पुस्तक छापलं त्यांनी द्यायला हवं.

मला याचं जास्त वाईट वाटतं, कारण ही समज त्या मुलीकडे आधीपासून आहे. काटकसरी, हात राखून खर्च करणारा, चिक्कू, कंजूष, कवडीचुंबक हे शब्द तिच्या समोर मराठीत ठेवा. कुठला बापाला लावायचा आणि कुठला गावातल्या सावकाराला, हे ती न अडखळता सांगेल. माणूस गेला, वारला, निवर्तला, खपला, गचकला, यांतलं काय कुणाच्या दारात बोलायचं हे आपल्याकडे दहा वर्षांच्या पोराला कळतं. शब्दाला मान असतो, शब्दाला तुसडेपणा असतो, हे आपल्याला इंग्रजांनी शिकवण्याची गरज नाही. गरज आहे ती हीच नजर इंग्रजी शब्दाकडे वळवण्याची. पुस्तकाने 'फ्रूगल' पुढे 'काटकसरी, चांगल्या अर्थाने' आणि 'मायझर' पुढे 'कवडीचुंबक माणूस' असं छापलं असतं तर काम झालं असतं. पानावर चार शब्द वाढले असते.

वाक्प्रचारांची तीच गत. पुस्तकात 'किक द बकेट' पुढे 'मरण पावणे' असं छापलेलं असतं. एका मुलाने मित्राचे आजोबा वारल्यावर दुःखाचा संदेश पाठवताना तोच वापरला. इंग्रजीत तो थट्टेतला, टवाळखोर प्रयोग आहे, मराठीतल्या 'गचकला'च्या शेजारचा. मित्राला इंग्रजी येत नव्हतं म्हणून निभावलं. याद्यांमध्ये पहिला मान नेहमी मांजरं आणि कुत्री पडणाऱ्या पावसाला, म्हणजे 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' या प्रयोगाला. आजचे इंग्रज लोक तो बोलताना फारसा वापरत नाहीत, आणि अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात तो वापरायची वेळही क्वचित येते. पण 'मेक एंड्स मीट', 'रन आउट ऑफ', 'पुट ऑफ', 'टर्न डाउन', 'लुक आफ्टर' यांना त्या यादीत जागा नसते. पैशाची तोंडमिळवणी करणं, डिझेल संपणं, काम पुढे ढकलणं, अर्ज नाकारणं, म्हाताऱ्या माणसांकडे बघणं, या सगळ्यासाठी रोज लागणारे हे प्रयोग. पोराला रोज काय बोलावं लागेल याचा विचार करून यादी केलेली नाही. आधीच्या यादीवरून पुढची यादी केलेली आहे, म्हणून दोन पुस्तकांत चूकसुद्धा सारखी सापडते.

विरुद्धार्थी शब्दांवर मी फार वेळ घालवणार नाही, एक उदाहरण पुरे आहे. 'फ्रेश' चा विरुद्धार्थी 'स्टेल', ताजं आणि शिळं. अभ्यासिकेत राहाता तालुक्यातला एक मुलगा येतो, घरी गाई आहेत, सुट्टीत गेला की पहाटे दूध घालायला डेअरीवर तोच जातो. त्याने एका वाक्यात दुधाला स्टेल म्हटलं. मी म्हटलं, मराठीत सांग, दूध काय होतं? म्हणाला, नासतं. भाकरी? शिळी होते. आंबा? सडतो. शेंगदाणे? खवट होतात. पीठ? आंबतं. एका दमात पाच क्रियापदं त्याने दिली, एकही चुकलं नाही. इंग्रजीतही अगदी असंच आहे. ब्रेड स्टेल होतो, दूध सावर होतं, फळ रॉटन होतं, लोणी रॅन्सिड होतं. आणि 'फ्रेश वॉटर' म्हणजे गोडं पाणी, त्याच्या उलट खारं. या मुलाच्या डोक्यात खण तयार आहेत, फक्त इंग्रजी शब्द त्या त्या खणात ठेवायचे आहेत. पुस्तकाने पाच खणांसाठी एकच शब्द दिला, आणि परीक्षेत तेवढाच विचारला.

परीक्षेचंही बोललं पाहिजे. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्न होते, 200 गुणांचे. त्यांत इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण. म्हणजे चौथा हिस्सा. राज्य लोकसेवा आयोगाच्या अभ्यासक्रमात शब्दसंग्रह आणि वाक्प्रचारांचा अर्थ यांबरोबर त्यांचा उपयोगही लिहिलेला आहे. उपयोग हा शब्द माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, आणि सराव प्रश्नसंचांत तोच गाळलेला असतो. वाक्य न देता नुसता शब्द टाकायचा आणि खाली चार पर्याय. माझ्याकडे दोन प्रश्नसंच आहेत. दोन्हींत थ्रिफ्टीचा समानार्थी विचारला आहे. पर्यायांत इकॉनॉमिकल आणि स्टिंजी दोन्ही आहेत. एका उत्तरतालिकेत पहिला बरोबर धरला आहे, दुसऱ्या तालिकेत दुसरा. ज्या मुलाने दोन्ही संच सोडवले त्याने काय करायचं? आयोगाच्या वस्तुनिष्ठ परीक्षांत चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश गुण कापले जातात. एका गुणावर निवड यादीच्या आत-बाहेर होणाऱ्या मुलाला हा किरकोळ हिशोब नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. सर, परीक्षेपुरतंच तर आहे, पुढे कुणाला इंग्रजी बोलायचंय. हे उत्तर देणारा माणूस बहुधा स्वतः शेतकऱ्याच्या घरातला असतो, म्हणून त्याला मी त्याच्या घरातली बाटली दाखवतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या एका मुलाने मला हे प्रथम नीट समजावलं. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग आणि वरच्या अर्ध्यात शब्द. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. हे कीटकनाशक नियम, 1971 प्रमाणे ठरलेलं आहे. तोंडावाटे पोटात गेल्यास दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत निम्मे प्रयोगप्राणी मरतात ते औषध लाल, 51 ते 500 पिवळं, 501 ते 5000 निळं, त्यापुढे हिरवं. म्हणजे 'डेंजर' आणि 'कॉशन' यांच्यामधलं अंतर सरकारने मिलिग्रॅममध्ये मोजून दिलं आहे. शब्दसंग्रहाचं पुस्तक उघडा, ओळ सापडेल: 'डेंजर, पेरिल, हॅझर्ड, कॉशन, रिस्क : धोका.' कॉशन म्हणजे धोका नव्हेच, सावधगिरी. डाळिंबावर, द्राक्षावर, कांद्यावर फवारणारा माणूस तो शब्द रोज हातात धरतो. एवढ्या जवळचं उदाहरण असताना पुस्तकवाल्यांना आपल्या मुलांसाठी ते घ्यावंसं वाटत नाही.

आणि हे काम आपल्याकडे कुणाला जमलंच नाही असंही नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत जवळजवळ 60,000 शब्द होते. त्यात अर्थ वेगळा झाला की आकडा घालून वेगळा केलेला आहे. शब्द फक्त कवितेत येत असेल तर तशी नोंद आहे, म्हण असेल तर म्हण आहे, शब्द फारसीतून आला की संस्कृतातून तेही आहे. मोल्सवर्थचे सहकारी कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. परक्या मुलखातून आलेल्या लोकांना मराठी शब्दाची छटा कळावी म्हणून किती कष्ट घेतले गेले ते त्या कोशांच्या कुठल्याही पानावर दिसतं. त्यानंतर कितीतरी पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्यात तर पाठच वाक्यांचा होता. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा, इंग्रजी घ्या, मराठी करा. शब्द सुटा येतच नसे. आपण त्या पद्धतीला जुनाट म्हणून बाजूला केलं आणि तिच्या जागी ही यादी आणली.

नगरकरांना तर या बाबतीत जास्त लाज वाटायला हवी. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे 1831 पासून. मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय' 1842 मध्ये नगरहून सुरू झालं. त्याच मिशनच्या सिंथिया फरार 1839 पासून शेवटपर्यंत, म्हणजे 1862 पर्यंत, या शहरात मुलींच्या शाळा चालवत होत्या, आणि सावित्रीबाई फुले यांचं शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे झालं. सावित्रीबाईंच्या 1854 च्या 'काव्यफुले' संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. ज्यांना विद्येपासून दूर ठेवलं त्यांच्या हातात ही भाषा यावी, असं त्यांना वाटत होतं. आता त्याच शहरात, पावणेदोनशे वर्षांनी, ऊसतोड कामगाराची मुलगी ती भाषा शिकायला पैसे मोजून पुस्तक घेते आणि ते पुस्तक तिला स्वतःच्या बापाला कवडीचुंबक म्हणायला शिकवतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, सांगत राहीन.

याच शहराच्या लष्करी वस्तीत 16 एप्रिल 1918 रोजी स्पाइक मिलिगन जन्मला. बीबीसीवरच्या 'द गून शो' मुळे इंग्रजी विनोदात त्याचं नाव झालं. शब्द मुद्दाम चुकीच्या जागी ठेवून हसवणं हा त्याचा हातखंडा. ते करायला बरोबर जागा आधी पक्की माहीत असावी लागते.

मुलं मला विचारतात, मग काय करू? मी त्यांना भुईकोट किल्ल्याचं नाव सांगतो. अभ्यासिकेपासून रिक्षाने जाण्याइतका जवळ आहे. तिथे नेहरू ऑगस्ट 1942 पासून मार्च 1945 पर्यंत बंदिवासात होते, आणि 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. ते पुस्तक कुठल्याही ग्रंथालयात मिळतं. रोज एक पान वाचायचं. अडलेला शब्द वहीत घ्यायचा, पण एकटा घ्यायचा नाही, ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य उतरवायचं. मग खाली त्याच शब्दाचं आपलं एक वाक्य लिहायचं, आपल्या गावातलं, आपल्या माणसांचं. आठवड्याला वीस शब्द झाले तरी खूप झाले. मुखपृष्ठावर तीस दिवसांत दहा हजार शब्द कबूल करणाऱ्या पुस्तकापेक्षा हे वीस शब्द मुलाखतीत जास्त उपयोगी पडतात, कारण ते जिथे वापरायचे तिथेच आठवतात. काही मुलं हे करतात. पाथर्डीच्या त्या मुलीने वही नव्याने सुरू केली. तिच्या पहिल्या पानावर फ्रूगलचं वाक्य वडिलांवरच आहे, आणि ते बरोबर आहे.

पण वाचन करणाऱ्या चार-दोन मुलांमुळे बाकीच्यांची अडचण सुटत नाही. बहुतेकांकडे वेळ नसतो, परीक्षेची तारीख डोक्यावर असते, आणि ती पुस्तकावर विसंबतात. त्यांनी विसंबावं यासाठीच पुस्तक असतं. प्रकाशकांना मी पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, पानं वाढली तर किंमत वाढते. माझं म्हणणं, पानं वाढवू नका, शब्द कमी करा. पाच हजारांच्या जागी पाचशे द्या, पण प्रत्येकापुढे एक वाक्य द्या, आणि जिथे शब्द वाईट अर्थाचा आहे तिथे तसं छापा. प्रश्नसंच काढणाऱ्यांनी वाक्याशिवाय समानार्थी विचारू नये. शाळेतल्या माझ्या व्यवसायबंधूंनी फळ्यावर शब्दांच्या जोड्या लिहून देणं बंद करावं. इयत्ता पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं. दहा वर्षं शिकूनही मूल वाक्याविना शब्द पाठ करत असेल, तर त्याला पहिल्यापासून तशीच सवय लावलेली असते.

आणि तुम्ही, जे मुलासाठी, पुतणीसाठी, स्वतःसाठी असं पुस्तक घ्यायला दुकानात जाल, एवढं करा. मुखपृष्ठावरचे आकडे वाचू नका. मधलं कुठलंही पान उघडा आणि कुठल्याही एका शब्दावर बोट ठेवा. त्याच्यापुढे वाक्य नसेल तर पुस्तक परत ठेवा, आणि का ठेवलं ते दुकानदाराला सांगा.